आधी क्रम, मग तोंड

आमच्या अंगणातल्या टाकीची मला भीती वाटते. लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले तेव्हापासून वाटते, आणि भूमी चालायला लागल्यापासून तर जास्तच. जमिनीत बांधलेली सिमेंटची टाकी. तोंड लहान, चौकोनी. पोट मात्र जवळजवळ अख्ख्या अंगणाएवढं. तोंडावर पत्र्याचं झाकण असतं आणि त्या झाकणावर मी गॅसचं रिकामं सिलिंडर ठेवते. घरातले हसतात. किरण, माझा नवरा, म्हणतो, "पुनम, पोरगी अडीच वर्षांची आहे, पैलवान नाही." हसू दे. तो सकाळी जळगावच्या गाडीत बसतो आणि अंधार पडल्यावर परत येतो, त्याला हसायला काय जातं?

सिलिंडरनं माझं समाधान झालं नाही, म्हणून मी भूमीला चुंईचुंई वाजणाऱ्या चपला आणल्या. पाऊल टाकलं की वाजतात. दिवसभर ऐकून डोकं उठतं, पण आवाज येतोय म्हणजे पोरगी जमिनीवर आहे. आवाज थांबला की मी हातातलं टाकून धावते. बहुतेक वेळा ती कुठेतरी बसून माती खात असते.

माझी ही सगळी व्यवस्था एका दिवशी कोलमडते, पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून गल्लीची रीत अशी, की पाण्याच्या दिवशी सकाळपासून टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवायचं. टाकी बरीच खाली गेलेली असते. नळाची धार आत पडली की असा घुमतो आवाज, की घरात बसल्या कळतं. मग बायका पिंपं-हंडे काढतात, पुरुष मोटार लावतात, पोरं उगाच इकडून तिकडे पळतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय म्हणतात. टाकीच मुळी पिढ्यान्‌पिढ्यांची नाही, पण ते कुणाला सांगणार?

त्या दिवशी सासूबाई, म्हणजे अक्का, अमळनेरला एका बारशाला गेल्या होत्या. घरात मी, भूमी आणि माझे सासरे रतिलालआबा. आबांना कमी ऐकू येतं. म्हणजे ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्यानं ऐकण्यासाठी झाकण उघडं ठेवायचं. दुपारी मी अंगणात गेले तर सिलिंडर भिंतीशी, झाकण सिलिंडरला टेकवलेलं, आणि आबा टाकीशेजारी खुर्ची टाकून बसलेले.

"आबा, अक्का घरी नाहीत. माझा तास आहे. आज तरी झाकण लावून ठेवा."

"अवं, बठ्ठी गल्ली उघडं ठेवस. पानी उनं हाई कसं कळी?" सगळी गल्ली उघडं ठेवते, नाहीतर पाणी आलं हे कळणार कसं, हा आबांचा अहिराणीतला सवाल.

"तुम्हाला ऐकू येणार आहे का पण?"

हे त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. "तू तुन्हा जपानना पोरेस्ले शिकाड," ते म्हणाले. "मी आठेच बठेल शे."

ते तिथेच बसलेले होते, हे खरं होतं. मी दारातून दोनदा वळून पाहिलं. मग आत गेले.

आता माझ्या जपानच्या पोरांबद्दल सांगते. पोरं कसली, सगळ्यात धाकटा माझ्या वयाचा आहे. जळगावला मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. लग्नानंतर ते सुटलं आणि एका कंपनीमार्फत घरूनच जपानी लोकांना इंग्रजी शिकवायला लागले. आमच्या चहाच्या वेळी तिकडे रात्रीची जेवणं झालेली असतात. माझ्या वर्गात चार जण. कुरोदाआजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. मियागी दवाखान्यात नर्स आहे. ओगावा नावाचा तरुण रोज तासाला उभ्या गाडीत बसतो, कारण घराच्या भिंती पातळ, शेजाऱ्यांना आवाज जाईल. आणि तानाबेबाई, साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, चुकलं की दोन्ही हातांनी तोंड झाकून घेणाऱ्या. तोंडावर मी सगळ्यांच्या नावाला सान, म्हणजे आपलं 'जी', लावते, मनात आजोबा आणि बाई म्हणते. वर्गात बोलणं सगळं इंग्रजीतच चालतं, इथे मी ते आपल्या भाषेत सांगते आहे.

गेला महिनाभर आमचं विशेषणांवर घोडं अडलं होतं. इंग्रजीत वस्तूचं वर्णन करायचं तर विशेषणांची रांग ठरलेली. आधी तुमचं मत, मग लहान-मोठं, मग जुनं-नवं, मग घडण म्हणजे गोल-चौकोनी, मग रंग, मग कुठलं, शेवटी कशाचं. सुंदर मोठी जुनी तपकिरी चामड्याची बॅग. यातली तपकिरी उचलून मोठीच्या आधी ठेवलीत की इंग्रजाच्या कपाळाला आठी पडते. त्याला ही रांग कुणी शिकवलेली नसते, त्याच्या तोंडातच असते. आपल्यात तसं नाही. लाल लहान डबा म्हणा नाहीतर लहान लाल डबा म्हणा, फडताळातून डबा मिळतो. जपानीतही अशीच ऐसपैस सूट आहे. त्यामुळे माझी माणसं चामड्याची जुनी मोठी बॅग खुशाल घेऊन यायची आणि मी ती परत पाठवायचे.

त्यावर मी एक नियम काढला. आधी क्रम, मग तोंड. मनात रांग लावा, बोटांवर मोजा, पुरी झाली की मगच बोला. हा नियम त्यांना फारच मानवला. मुळात ही माणसं चुकायला घाबरतात. शिक्षक बोलत असताना मध्ये बोलणं तर त्यांना ठाऊकच नाही, आणि कुरोदाआजोबा वडील, म्हणून ते बोलल्याशिवाय बाकीचे घसा खाकरत नाहीत. आता त्यावर माझा नियम. चार चौकटींत चार माणसं डोळे मिटून बोटं मोजतायत आणि मी इकडे वाट बघत बसलेय. त्यानंतर जे वाक्य यायचं ते मात्र बिनचूक. मला त्याचा फार अभिमान होता.

मी खिडकीकडे तोंड करून बसते, चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून. त्यामुळे अंगणाचं दार माझ्या पाठीशी. उकाड्यापायी दार उघडंच ठेवावं लागतं. स्प्रिंगच्या तारेवर पडदा आहे, तो ओढून घेते. मागचं दृश्य पुसट करायची सोय असते, पण माझा लॅपटॉप म्हातारा, ते केलं की धापा टाकतो. स्वतःचं थोबाड बघत शिकवणं मला जमत नाही म्हणून माझी चौकट मी झाकून ठेवते. कानावर मोठे हेडफोन. भूमी मागे कॉटवर झोपलेली, पिवळा झबलं-फ्रॉक, केसांना घामाचा वास. चपला कॉटखाली. मी तिच्याकडे पाहिलं, पडदा ओढला आणि तास सुरू केला.

त्या दिवशीचा प्रसंग असा दिला होता: स्टेशनवर तुमची बॅग हरवली आहे, अधिकाऱ्याला सांगा ती कशी होती. कुरोदाआजोबांचा तर हा जन्माचा धंदा. त्यांनी बॅगेचं असं काही वर्णन केलं की मी टाळ्या वाजवल्या. मग मी पडद्यावर दुसरा तक्ता लावला आणि समजावून सांगायला लागले. माझी चार माणसं कडेच्या चार लहान चौकटींत गेली.

मी बोलत होते. बोलताना दिसलं, की मियागीनं तोंडावर हात ठेवला. दिवसपाळी करून आलेली असते बिचारी, मला वाटलं जांभई. ओगावा मोबाईलच्या अगदी जवळ आला, त्याच्या चौकटीत नुसतं कपाळ आणि डोळे राहिले. मला वाटलं, गाडीत रेंज गेली. कुरोदाआजोबा हलत नव्हते. त्यांचं चित्र अडकलंय का म्हणून मी पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तानाबेबाईंनी हात वर केला.

"थांबा तानाबे-सान," मी म्हणाले. "माझं पुरं होऊ दे."

त्यांनी हात खाली घेतला.

मी पुरं केलं. रंगानंतर कुठलं, कुठलंनंतर कशाचं. दोन उदाहरणं दिली. त्यातल्या एकावर मी स्वतःच हसलेसुद्धा. चौघांतलं कुणीच हसलं नाही. तेव्हा मला थोडा रागच आला, की आज यांना झालंय काय. तानाबेबाईंचा हात पुन्हा वर होता.

"हं, बोला," मी म्हणाले. "पण आधी काय?"

त्यांनी डोळे मिटले. त्या दुसऱ्या हाताची बोटं मिटायला लागल्या.

"लहान," त्या म्हणाल्या.

"छान. लहान, म्हणजे आकारमान. पुढे?"

"लहान... पिवळी..."

"लहान, मग पिवळी. अगदी बरोबर. लहान पिवळी काय?"

"मुलगी."

"मुलगी पिवळी नसते हो," मी म्हणाले. "पिवळ्या फ्रॉकमधली लहान मुलगी. आणि आपण बॅगेबद्दल बोलतोय, नाही का?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाल्या की हो म्हणाल्या, कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, मी जास्तच टोकलं. म्हणून मी आवाज मऊ केला. "हरकत नाही. सावकाश. आणखी काय दिसतंय?"

"मोठं," त्या म्हणाल्या. "मोठं... चौकोनी... काळं... पाणी."

"क्रम बरोबर आहे," मी म्हणाले. "पण पाणी चौकोनी नसतं, तानाबे-सान. टाकी चौकोनी असते."

टाकी. शब्द माझ्याच तोंडून गेला आणि हेडफोनच्या आत माझ्याच कानात राहिला. मी चौकटींकडे पाहिलं. चौघांपैकी एकही जण माझ्याकडे पाहत नव्हता. सगळे माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते.

मी वळले.

पडदा तारेवरून निघून जमिनीवर पडला होता. कॉट रिकामी. दाराबाहेर पांढरं ऊन, आबांची खुर्ची, खुर्चीत कुणी नाही. खुर्चीपुढे टाकीचं काळं तोंड. त्याच्या आजूबाजूला कुणीही नाही.

उठताना हेडफोन कानावरून निघाले आणि एकदम सगळे आवाज आत आले. टाकीत पाणी कोसळत होतं. गल्लीत कुणीतरी ओरडत होतं, पानी उनं, पानी उनं. मोटारी सुरू झाल्या होत्या. त्या सगळ्यात चुंईचुंई नव्हती. मी कान दिला, धावता धावता दिला, ती कुठेच नव्हती.

टाकीच्या काठाशी गुडघे आपटले. खाली पाण्यावर तिची एक गुलाबी चप्पल तरंगत होती आणि धारेखाली गोल गोल फिरत होती.

भीती काय असते ते मला ठाऊक आहे असं मला वाटायचं. मी आयुष्यभर भित्री. पण तोपर्यंत मी ज्याला भीती म्हणत होते ती नुसती काळजी होती. भीतीत माणूस काही विचार करत नाही. मी भूमीचं नाव घेतलं तर टाकीनं तेच नाव मोठ्यानं परत दिलं. मी पाय सोडले आणि आत उडी मारली.

बाहेर अंग भाजत होतं, आत पाणी गार. मांड्यांपर्यंत आलं होतं आणि वाढत होतं. तोंडाखाली एक चौकोन उजेड, बाकी चहूकडे काळोख. मी वाकून दोन्ही हात पाण्यात घातले आणि फिरवायला लागले. गाळ हाताला लागला, एक फडकं लागलं. मी ते मुठीत धरून वर ओढलं. ते नुसतं फडकं होतं. मी कोपऱ्याकडे निघाले, पण पाऊल उचलून टाकायची भीती वाटत होती. पाय तिच्यावर पडला तर? म्हणून पाय न उचलता सरकवत गेले. एक कोपरा झाला. दुसऱ्या कोपऱ्यात काही नव्हतं. मी मोठ्यानं देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, आठवत नाही. बहुधा दोन्ही.

मग वर आवाज आला. चुंई. मग काहीच नाही. मग पुन्हा चुंई. एकाच पायात चप्पल घातलेल्या माणसाची चाल.

उजेडाच्या चौकोनात भूमीचं डोकं आलं. पोटावर झोपून ती आत पाहत होती. हातात अंगणाच्या कडेच्या न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा मग. चप्पल पाण्यात पडली म्हणून बाईसाहेब ती काढायला मग आणायला गेल्या होत्या.

"मम्मी," ती म्हणाली. "चप्पल."

मी दूरच्या कोपऱ्यात होते. ती वाकलेली. कमरेपर्यंत आत, मगासकट हात खाली लांब केलेला. मला किंचाळायचं होतं आणि किंचाळले असते तर ती दचकून घसरली असती. मी तोंड मिटलं. पाण्यातून एवढ्या हळू कुणी कधी चाललं नसेल.

"हो राणी," मी म्हणाले. माझा तासाचा आवाज, तोच. "चप्पल मम्मी देते. तू मागे हो. बसून मागे हो."

"मी," ती म्हणाली. तिला सगळं स्वतःच करायचं असतं.

"तूच काढ. पण आधी मागे हो."

ती आणखी पुढे झाली. हातातला मग सुटला आणि पाण्यावर आपटला, आणि ती मगाच्या मागे आली. डोकं खाली, हात पुढे करून, पिवळा फ्रॉक उलटा होऊन. मी झेप घेतली की पडले, माहीत नाही. ती माझ्या छातीवर आपटली, तिचा दात माझ्या हनुवटीत घुसला, आम्ही दोघी पाण्याखाली गेलो आणि वर आलो. ती रडत होती. रडत होती म्हणजे श्वास घेत होती. मी तिला डोक्यावर धरून तशीच उभी राहिले. पाणी वाढतच होतं. आता मी ओरडले. जेवढा दम होता तेवढा सगळा लावून आबांना हाका मारल्या.

आबा येईपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी आलं तेव्हा ते कोपऱ्यावर गेले होते, पाणी पुरतं सोडलंय का ते बघायला. पुरुष मंडळी तिथे जमतातच. चौकोनात त्यांचं तोंड आलं.

"काय व्हयनं? काय व्हयनं वं?"

मी भूमीला वर केलं. त्यांनी तिला काढून घेतलं, मग शेजारची दोन माणसं आली आणि मला काढलं. आबा खुर्चीत बसले नाहीत. खाली फरशीवर बसले, पोरीला पोटाशी धरून. "माले वाटनं ती तुन्हाकडे शे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटलं होतं ते तिथेच बसलेले आहेत. त्यांना वाटलं होतं ती माझ्याकडे आहे. मी त्यांच्या हातून पोरीला ओढून घेतलं आणि आत गेले.

आत टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक बारीक आवाज येत होता. मी लॅपटॉपसमोर उभी राहिले. चौघेही उभे होते. ओगावा गाडीतून बाहेर पडून कुठल्यातरी दिव्याखाली उभा होता आणि मोबाईलमध्ये तोंड घालून ओरडत होता. मियागी ओरडत होती. कुरोदाआजोबा टेबलावर मूठ आपटत होते. सगळं जपानीत. त्यांनी मला टाकीत उतरताना पाहिलं होतं. नंतर पोर हातात मग घेऊन परत येताना पाहिली. मग ती आत पडताना पाहिली. रिकाम्या खोलीला ते हाका मारत राहिले होते आणि हेडफोन टेबलावर होते.

भूमीला त्यांनी पाहिलं आणि सगळे एकदम गप्प झाले.

मला वाटलं होतं मी धन्यवाद म्हणेन. तोंडातून आलं ते मराठीत आलं. "तुम्ही बघत होतात! सगळे बघत होतात! मी बडबडतेय आणि तुम्ही बसून बघताय? एक हाक मारता आली नाही? एक?" इंग्रजीचा एक शब्द मला आठवत नव्हता. त्यांना मराठी येत नाही. त्यांना सगळं कळलं. कुरोदाआजोबांनी मान एवढी खाली घातली की चौकटीत नुसते पांढरे केस राहिले.

तानाबेबाईंनी तोंडावरचे हात काढले. फार तुटक बोलल्या, मध्ये मध्ये थांबून.

"टीचर. मला 'बेबी' येत होतं. 'वॉटर' येत होतं. 'डेंजर' येत होतं. सगळे शब्द येत होते." त्यांचा श्वास लागला. "आधी कुठला, ते येत नव्हतं."

माझ्या केसांतून, कोपरांतून पाणी कीबोर्डवर ठिबकत होतं. मी लॅपटॉप मिटला आणि पोरीला घेऊन भिंतीला टेकून खाली बसले. किरण आला तेव्हा तिथेच होते.

भूमी दुसऱ्या दिवशी सगळं विसरली. आबा विसरले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन माणूस आणला, झाकणाला कडी-कोयंडा बसवून घेतला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. गल्लीतल्यांनी विचारलं, आता पाणी आल्याचं कळणार कसं.  आबा आता पाण्याच्या दिवशी नळाच्या पाइपला हात लावून बसतात. पाणी आलं की पाइप गार होतो म्हणतात.

आठवडाभर मी तास घेतला नाही. मग कंपनीचा फोन आला, तेव्हा बसले. टेबल फिरवून घेतलं होतं, आता माझी पाठ भिंतीला आणि दार समोर. चेहऱ्यावर उजेड नाही, मी एखाद्या गुन्हेगारासारखी दिसते. दिसू दे. भूमी मांडीवर. चौघंही वेळेवर आले, ताठ बसले आणि कुणीच तोंड उघडेना. विशेषणांचा तक्ता मी काढलाच नाही.

"आज क्रम नाही," मी म्हणाले. "आज ओरडायचं. मला काहीतरी होतंय, तुम्हाला दिसतंय, मी बोलतेय. माझं बोलणं तोडायचं आणि ओरडायचं. जे तोंडाला येईल ते."

ते एकमेकांच्या चौकटींकडे बघायला लागले. मी मुद्दाम बोलत सुटले, हवापाणी, भाज्यांचे भाव, काहीही. कुणी मध्ये पडेना. एका माणसाला बोलता बोलता तोडणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी कुरोदाआजोबा उभे राहिले. फलाटावर उभं राहावं तसे ताठ, उजवा हात लांब, बोट सरळ माझ्याकडे. "बिहाइंड!" ते गरजले. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मग मियागी ओरडली. ओगावानं गाडीच्या काचा वर केल्या आणि ओरडला, एवढ्या जोरात की त्याचं त्यालाच हसू आलं. मला हसू आलं नाही. तानाबेबाई सगळ्यात शेवटी. त्यांनी डोळे मिटले, त्या बोटं मिटायला लागल्या, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला. तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

"वॉटर! टीचर! बेबी! टीचर!"

भूमी माझ्या मांडीवर होती, माझे दोन्ही हात तिच्याभोवती होते. पाठीला भिंत लागत होती. टाकीला कुलूप होतं, किल्ली माझ्या गळ्यात होती. तरी मी वळून पाहिलं.